रोमची अवे मॅच, बारा वर्षांचा मुलगा आणि आदली रात्र

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरीनिमित्त जर्मनीत राहता, तिथल्या क्लबाचे सदस्य आहात, युरोपा लीग या युरोपातल्या फुटबॉल स्पर्धेची अवे मॅच, म्हणजे समोरच्या क्लबाच्या मैदानावरची, रोममध्ये आहे आणि नशिबाने गेस्ट ब्लॉकची, म्हणजे पाहुण्या समर्थकांच्या विभागाची, दोन तिकिटं मिळाली आहेत. बारा वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसलाय. घरच्यांनी इटलीतल्या मारामारीचे व्हिडिओ पाहिलेत आणि ते घाबरले आहेत. जावं की नाही, आणि गेलात तर क्लबाचा मफलर गळ्यात घालावा की नाही, एवढं तुम्हाला हवंय.

मी सोळा वर्षं अशा मॅचना जातोय. त्यातली सात वर्षं आमच्या फॅन क्लबाच्या बसची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणजे पन्नास डोकी मोजून न्यायची आणि पन्नासच मोजून परत आणायची. एकदा एकोणपन्नास आणली, तेही पुढे सांगतो. मफलरचं उत्तर दोन ओळींत देता येईल, पण खरा प्रश्न मफलरचा नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल.

हुल्लडबाज तुमच्या मुलाला शोधत फिरत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा. त्यांना त्यांच्यासारखेच हवे असतात. अडचण वेगळीच आहे. आपण कोण आहोत हे आपल्याला माहीत असतं. लांबून बघणाऱ्याला फक्त घोळका दिसतो, मग त्याच्या हातात बाटली असो की सरकारी लाठी. जर्मन पोलीस समर्थकांचे अ, ब, क असे तीन वर्ग करतात: शांत, प्रसंगी हात उचलणारे आणि मारामारीसाठीच आलेले. कागदावर हे फार नीटनेटकं वाटतं. रात्री अकरा वाजता परक्या शहरातल्या पुलावर तीनशे माणसं एकत्र चालत असतात, तेव्हा अ कोण आणि क कोण हे कुणी विचारत बसत नाही. म्हणून मी प्रत्येक सहलीआधी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: कुठल्या वेळी, कुठल्या जागी, कोणत्या घोळक्यात मी धरला जाईन?

वेळेपासून सुरुवात करू, कारण लोक मॅचच्या नव्वद मिनिटांना घाबरतात आणि आदल्या रात्री बिनधास्त फिरतात. इस्तंबूलमध्ये २००० साली गालातासरायविरुद्धच्या युएफा कपच्या उपांत्य सामन्यासाठी आलेल्या लीड्स या इंग्लिश क्लबाच्या दोन समर्थकांचा भोसकून खून झाला, तो तक्सिम चौकाजवळ आणि सामन्याच्या आदल्या रात्री. रोममध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये टॉटनहॅम या इंग्लिश क्लबाचे समर्थक तिथल्या लाझिओविरुद्धच्या मॅचसाठी आले होते. काम्पो दे फिओरी चौकातल्या एका पबवर तोंडं झाकलेल्या टोळक्याने हल्ला केला, तोही आदल्या रात्रीच. गंमत बघा, गंमत म्हणायची तर, त्यात जे पकडले गेले त्यात रोमा या शहरातल्या दुसऱ्या क्लबाचे समर्थक होते. म्हणजे ज्या क्लबाशी मॅच होती त्याचेसुद्धा नव्हेत. अथेन्समध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये तिथला एईके आणि क्रोएशियाचा दिनामो झाग्रेब या क्लबांच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी स्टेडियमबाहेर मारामारी होऊन एका ग्रीक तरुणाचा जीव गेला.

हे असं का होतं? मॅचच्या दिवशी पोलीस हजारोंनी रस्त्यावर असतात, बस ठरलेल्या असतात, रस्ते बंद असतात. आदल्या रात्री यातलं काहीच नसतं. आलेले समर्थक मात्र ठरलेल्या ठिकाणीच सापडतात: शहराच्या मध्यभागी, प्रसिद्ध चौकात, इंग्रजी किंवा आयरिश पाटी असलेल्या पबमध्ये. ज्याला शोधायचंय त्याला शोधावंच लागत नाही. म्हणून मुलगा बरोबर असताना माझा नियम सरळ आहे. सामन्याच्या दिवशी सकाळी पोचायचं. मुक्काम करायचाच असेल तर मॅचनंतरच्या रात्रीचा करायचा, आणि हॉटेल चौकापासून लांब, साध्या वस्तीत घ्यायचं. जेवायला जिथे इटालियन कुटुंबं जेवतात तिथे जा. तिथे जेवणही बरं मिळतं, हा वरचा फायदा.

आता जागा. रोममध्ये पाहुण्या समर्थकांना बहुतेक वेळा व्हिला बोर्गेझे बागेतल्या पियात्साले देल्ले कानेस्त्रे इथे जमायला सांगतात आणि तिथून पोलीस बंदोबस्तात बसने स्टेडिओ ऑलिम्पिकोला नेतात. तुमच्या क्लबाच्या पत्रकात जी जागा असेल तीच अंतिम धरा. या बसला अनेक जण नाकं मुरडतात. गुरांसारखं कोंबतात, दोन तास आधी नेतात, काचेवर दगड बसतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी मुलाला घेऊन मी याच बसने जाईन, आणि पहिल्या बसने जाईन. शेवटच्या बसला दिवसभर प्यायलेले लोक असतात आणि पोलिसांचाही संयम तोवर संपलेला असतो. बसमध्ये मुलाला खिडकीशी नको, आतल्या बाजूला उभं करा.

पायी जायचं ठरवलंत तर नकाशा तुम्हाला तिबेर नदीवरच्या पोंते दुका दाओस्ता पुलावरून नेईल, कारण तो थेट स्टेडियमसमोर उतरतो. स्थानिक कट्टर समर्थक नेमके त्याच भागात जमतात, आणि इंग्लिश क्लबांनी आपल्या लोकांना त्या पुलाबद्दल पूर्वी स्पष्ट बजावलेलंही आहे. नकाशाला जवळचा रस्ता कळतो, बाकीचं काही कळत नाही.

मी बस सोडून पायी गेलो होतो, त्याची हकिगत आता सांगतो. शहराचं नाव देत नाही, दक्षिण युरोपातलं होतं. आमच्या अल्ट्राजनी, म्हणजे झेंडे-ढोल घेऊन गाणाऱ्या कट्टर समर्थकांनी, मध्यवर्ती चौकातून स्टेडियमपर्यंत मिरवणूक काढली होती, ढोल, गाणी, सगळा माहोल. बसमध्ये घामाघूम होण्यापेक्षा हे बरं म्हणून मी आणि आमच्यातले आठ-दहा जण मागे मागे चालू लागलो. पुढे चारशे मीटरवर कुणीतरी आतषबाजीची पेटती मशाल फेकली. मी ती पाहिलीही नाही, फक्त पुढून एक लाट यावी तशी गर्दी मागे सरकली. पाचेक मिनिटांत पोलिसांनी दोन्ही टोकं बंद केली. एका बाजूला सुपरमार्केटची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला ट्रामचे रूळ आणि ढालींची रांग, मध्ये आम्ही सुमारे सहाशे. तीन तास दहा मिनिटं. पाणी नाही, लघवीला जागा नाही. स्टेडियमचे दिवे दिसत होते आणि दोनदा गलका ऐकू आला, त्यावरून दोन गोल झाल्याचं कळलं. कुणी केले ते नाही.

आमच्यात एक निवृत्त पोस्टमन होते, साठीच्या पुढचे. इन्सुलिनची पिशवी बसमध्ये राहिलेली, आणि खाल्लेलं काहीच नाही. मी ढालीपलीकडच्या पोलिसाला मोडक्या इंग्रजीत समजावत होतो, तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. शेवटी डोळ्यांपर्यंत काळं फडकं बांधलेल्या एका पोराने खिशातून चेपलेलं केळं काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि काही न बोलता परत गर्दीत गेला. पोलिसांच्या यादीत तो पोरगा नक्कीच क वर्गात असणार.

सुटका करताना एकेकाचं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. माझा निळा भारतीय पासपोर्ट बघून तो अधिकारी शेवटच्या पानापासून पुढे पानं उलटत राहिला, काहीतरी शोधत असल्यासारखा. पोस्टमनकाकांना त्या रात्री दवाखान्यात ठेवून घेतलं. एकोणपन्नास डोकी मोजली ती तेव्हा. चूक पोलिसांची होती का? होती. पण मिरवणुकीत मी माझ्या पायांनी गेलो होतो आणि बसप्रमुख म्हणून दहा जणांना मागे घेऊन गेलो होतो.

पोलिसांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, सगळीकडे असं नसतं. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालमध्ये लाखाहून जास्त इंग्लिश समर्थक गेले होते. सामन्याच्या शहरांत तिथल्या पोलिसांनी साधे गणवेश, जोडीजोडीने गस्त, लोकांशी गप्पा असं धोरण ठेवलं आणि दंगलविरोधी पथकं नजरेआड तयार ठेवली. त्यांच्या हद्दीत पूर्ण स्पर्धेत हिंसाचारासाठी फक्त एका इंग्लिश समर्थकाला अटक झाली. त्याच दिवसांत अल्गार्वेच्या किनाऱ्यावर, जिथे दुसऱ्या दलाचा जुन्या पद्धतीचा बंदोबस्त होता, तिथे अल्बुफेराला दोन रात्री दंगल झाली. समर्थक त्याच देशाचे, तसेच प्यायलेले. गर्दीवर अभ्यास करणारे लोक म्हणतात की सगळ्यांना गुंड म्हणून हाकललं की शांत माणूसही गुंडाच्या शेजारी जाऊन उभा राहतो, कारण त्या क्षणी दोघांचा शत्रू एकच असतो. मी पोलिसांच्या त्या कड्यात ते अंगावर अनुभवलं. तिसऱ्या तासाला मीही गाणी म्हणत होतो, आणि ती भक्तिगीतं नव्हती.

आणि हुल्लडबाजीचं नाव पुढे करून दुसऱ्याच चुका झाकल्या जातात, हेही लक्षात असू द्या. २०२२ मध्ये पॅरिसला लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांची चॅम्पियन्स लीगची फायनल ३६ मिनिटं उशिरा सुरू झाली. फाटकांवर लोक चेंगरत होते, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, त्यात लहान मुलंही होती. आधी सांगण्यात आलं की समर्थक उशिरा आले आणि खोटी तिकिटं घेऊन आले. युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य जबाबदारी युएफाचीच ठरवली. आपल्यासाठी यातला धडा व्यवहाराचा आहे: फाटकावर गर्दी दाटायला लागली, माणसं हलेनाशी झाली की किक-ऑफ चुकली तरी चालेल, मुलाला घेऊन कडेकडेने मागे या. पहिली वीस मिनिटं हुकली तर आभाळ कोसळत नाही.

स्टेडियममध्ये पोचलात की एक मोह टाळायचा. काही जण म्हणतील, गेस्ट ब्लॉकपेक्षा घरच्या प्रेक्षकांतलं महाग तिकीट घ्या, शांत बसा. हे करू नका. १९८५ साली ब्रसेल्सच्या हायजेल स्टेडियममध्ये, लिव्हरपूल आणि इटलीच्या युव्हेंटसच्या फायनलला, झेड नावाचा विभाग तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी ठेवला होता. ती तिकिटं बरीचशी इटालियन लोकांच्या हाती गेली, आणि शेजारच्या विभागातल्या लिव्हरपूल समर्थकांमध्ये आणि त्यांच्यात होतं ते एक तकलादू जाळीचं कुंपण. समर्थक कुंपण मोडून धावून गेले, माणसं पळताना भिंतीपाशी दबली, भिंत कोसळली, ३९ जण गेले. स्टेडियम आता तसे राहिलेले नाहीत, पण मूळ गणित तेच आहे. दोन बाजूंच्या मध्ये असणं सगळ्यात वाईट. फ्रान्समधल्या नीसमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या कोलोनविरुद्धच्या मॅचआधी लोक स्टँडमधून स्टँडमध्ये शिरून मारामारी करत होते, ३२ जण जखमी झाले आणि मॅच ५५ मिनिटं लांबली.

गेस्ट ब्लॉकमध्ये मध्यभागी खाली, भोंगा घेऊन ओरडणाऱ्या म्होरक्याच्या मागे, अल्ट्राज उभे राहतात. मशाली तिथेच पेटतात, आणि त्यांची आग हजार अंशांच्या वर जाते, पाण्याने विझत नाही. तुम्ही वरच्या बाजूला, जिन्याजवळ, पण प्रतिस्पर्ध्यांच्या ब्लॉकला लागून असलेल्या काचेपासून दूर उभे राहा. हे अल्ट्राज आणि हुल्लडबाज एक नव्हेत, बरं का. अल्ट्राजचा जीव झेंड्यात आणि गाण्यात असतो, मारामारी काहींच्या बाबतीत त्याला जोडून येते. पण झेंड्यावरूनच अर्ध्या भानगडी होतात. समोरच्याचा झेंडा पळवायचा आणि आपल्या स्टँडमध्ये उलटा टांगायचा, हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा विजय असतो. म्हणून मुलाने हौसेने कापडावर काही रंगवलं असेल तर ते घरी ठेवा.

मफलरचं उत्तर इथे येतं. शहरात नाही, बसच्या ठिकाणी नाही, ब्लॉकमध्ये शिरल्यावर खुशाल. तोवर जाकिटाच्या आत. पण नुसता मफलर लपवून भागत नाही. आमच्या बसमधल्या एकाने सगळे रंग काढून ठेवले होते, आणि ट्राममध्ये फोन कानाला लावला तर कव्हरवर क्लबाचं हे एवढं चिन्ह. पुढच्या स्टॉपला दोघं त्याच्याबरोबर उतरले. थप्पड आणि फोनवर निभावलं. मुलाची टोपी, दप्तराची पिन, बुटाच्या नाड्या, सगळं तपासून घ्या. आणि ट्राममध्ये जर्मनमध्ये मोठ्याने बोलू नका. मराठीत बोला, कुणाला पत्ता लागणार नाही.

मॅचनंतरचं गणित बहुतेकांचं चुकतं. पाहुण्यांना बाहेरचे रस्ते रिकामे होईपर्यंत ब्लॉकमध्येच थांबवतात, तास सहज जातो. नऊची किक-ऑफ असेल तर अकराच्या सुमाराला मॅच संपते, सुटका बाराला, बागेत परत यायला त्याहून उशीर. युरोपा लीग बहुतेक वेळा गुरुवारी असते, आणि गुरुवारी रोमच्या मेट्रोच्या शेवटच्या गाड्या साडेअकराच्या आसपास सुटतात. म्हणजे मध्यरात्री, झोपाळलेला मुलगा, अनोळखी बाग, आणि तुमच्यासारखेच टॅक्सी शोधणारे दोन हजार लोक. टॅक्सीची सोय आधी करा, आणि ती बागेच्या तोंडाशी नको, दोन रस्ते पलीकडे बोलवा. पावणेसातची मॅच असेल तर यातली निम्मी काळजी मिटते. तुम्ही वेळ लिहिली नाहीत, आणि माझ्या लेखी सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

आपल्यासारख्यांचा एक जादा मुद्दा, जो जर्मन मित्र सांगणार नाहीत कारण त्यांना तो जाणवतच नाही. जर्मनीत १९९४ पासून खेळातल्या हिंसक लोकांची एक पोलीस नोंदवही आहे. तिच्यात नाव जायला शिक्षा व्हावी लागत नाही, चुकीच्या वेळी ओळख तपासली गेली तरी नोंद होऊ शकते. इटलीत १९८९ च्या कायद्यापासून दास्पो नावाची स्टेडियमबंदी आहे, ती न्यायालयात न जाता पोलीस प्रमुखच लावू शकतो. जर्मन पासपोर्टवाल्याला यामुळे मनस्ताप होतो. राहण्याचा परवाना दर काही वर्षांनी नव्याने मागणाऱ्या माणसाने त्याचा विचार वेगळा करायला हवा. मूळ पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड दोन्ही अंगावर ठेवा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. अडवलं तर वाद न घालता दाखवा, मुलाचा हात धरून ठेवा, व्हिडिओ काढू नका. मदत लागली तर ११२. क्लबाचा समर्थक-संपर्क अधिकारी अवे मॅचला सहसा बरोबर असतो, युएफाने २०१२-१३ पासून हे पद सक्तीचं केलंय. त्याचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा, आणि एका कागदावर मुलाच्या खिशातही. गर्दीत फोनची बॅटरी हमखास उतरते, आणि पॉवर बँक फाटकावर काढून घेण्याची शक्यता असते.

मी कधी नाही म्हणेन? एक, अधिकाऱ्यांनी पाहुण्या समर्थकांवर बंदी घातली तर. मग तिकीट दुसऱ्या मार्गाने मिळालं तरी जायचं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रँकफुर्टचे शेकडो समर्थक बंदी असूनही नेपल्सला गेले, आणि भर दुपारी शहरात पोलिसांची गाडी जळली. अथेन्सच्या त्या सामन्यालाही दिनामोच्या समर्थकांना बंदी होती; शंभराहून अधिक लोकांना अटक झाली आणि त्यातले बरेच महिनोन्‌महिने तुरुंगात राहिले. दोन, दोन्ही क्लबांच्या समर्थकांत जुना हिशेब बाकी असेल तर. याची माहिती वर्तमानपत्रांपेक्षा क्लबाच्या फॅन प्रोजेक्टमधल्या, म्हणजे समर्थकांत काम करणाऱ्या समाजसेवी संस्थेतल्या, माणसाकडे असते, त्याला फोन करून सरळ विचारा की तो स्वतःच्या मुलाला नेईल का. तो अडखळला तर तुम्हाला उत्तर मिळालं. तीन, रात्रीची मॅच आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असेल तर. यात हुल्लडबाजीचा संबंध नाही, पण थकलेला बाप चुकीचा रस्ता पकडतो.

यातलं काही नसेल तर न्या. घरच्यांना व्हिडिओंबद्दल एवढंच सांगा की ते कुठे आणि किती वाजता काढलेत ते बघावं, आणि मग तुमचं वेळापत्रक शेजारी ठेवावं.

आणि आज एक काम करा. इटलीत तिकिटावर नाव असतं आणि फाटकावर ते ओळखपत्राशी ताडून बघतात. मुलाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का बघा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये ते हमखास गळतं किंवा आडनावाला चिकटतं. चुकलं असेल तर दुरुस्तीसाठी क्लबाच्या तिकीट विभागाला लगेच लिहा. मॅचच्या आठवड्यात ते फोन उचलत नाहीत.